नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

विंडोज टाकताना स्क्रीनवर काय लिहिलंय ते कुणीही वाचत नाही. लॅबमध्ये शिकवायचे तेव्हा मला याचा इतका राग यायचा, की मी सरळ माऊस काढून घ्यायचे. टॅब मारत मारत जा, म्हणजे निदान प्रत्येक चौकटीपाशी थांबावं तरी लागेल. पोरं माझ्याहून हुशार. नुसतं एंटर दाबत राहिलं तरी काम पुढे सरकतं, हे त्यांनी पहिल्याच तासाला शोधून काढलं. परीक्षेत 'विंडोज एक्सपी इन्स्टॉल करण्याच्या पायऱ्या लिहा' असा प्रश्न आला, तर एका बहाद्दरानं उत्तर लिहिलं: नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री, नेक्स्ट, फिनिश. मी अर्धे मार्क दिले. तसं बघितलं तर चूक काहीच नव्हतं.

ही लॅब इंदूरची. मध्य प्रदेशाबाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण आमच्याकडे पीजीडीसीए नावाच्या एक वर्षाच्या डिप्लोमाला फार मान. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत तो मागतात, स्थळं बघताना मुलीच्या बायोडेटात तो असतो, आणि त्याच्या क्लासची पाटी नाही असा चौक निदान माझ्या तरुणपणी इंदुरात नव्हता. अशाच एका पाटीखाली मी बरीच वर्षं काढली. क्लास बंद पडला, पण नातेवाइकांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या लेखी मी कॉम्प्युटरवाली ती कॉम्प्युटरवालीच राहिले. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठूनही फोन येतो. "ताई, मशीन लई हँग होऊन राहिलंय हो, जरा फॉर्मॅट मारून देता का?" मशीन हळू चालतंय, आवाज गेला, प्रिंटर रुसला, सगळ्यावर एकच इलाज, फॉर्मॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकणं.

इतक्या मशीनांसमोर बसून बसून मला एक खोड लागली आहे. मी सेटअपचे प्रश्न वाचते. फायली कॉपी करणं हे मशीनचं काम, त्यात बघण्यासारखं काही नाही. माणसाच्या वाट्याला येतात ते प्रश्न: भाषा कोणती, घड्याळ कुठलं, डिस्कवर कुठे टाकू, नाव काय. समोरच्या खुर्चीत कोण बसलेलं असेल याचा काहीतरी अंदाज बांधूनच कुणीतरी ते लिहिलेले असतात. आणि त्या अंदाजात इंदूरचा मराठी माणूस बहुतेक नसतोच.

विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात हे फारसं जाणवत नसे, कारण डॉसला माणसाचं काही पडलेलंच नव्हतं. एमएस-डॉस ६.२२ तीन फ्लॉप्यांत मावायचं. तारीख-वेळ बरोबर आहे का, देश कोणता, कीबोर्ड कोणता, कोणत्या फोल्डरमध्ये ठेवू, संपलं. नाव-गाव नाही. सगळं झालं की काळ्या पडद्यावर सी-कोलन आणि पुढे लुकलुकणारी रेघ. विंडोज ९५ फ्लॉपीवर घ्यायचं तर तेरा फ्लॉप्या, आणि बारावी वाचता येत नाही असा निरोप आला की आधीच्या अकरा फुकट. तो काळ मला आठवून गहिवरून वगैरे येत नाही. फार कटकटीचा होता.

खरी गोष्ट सुरू होते एक्सपीपासून. हे विंडोज २५ ऑक्टोबर २००१ला बाजारात आलं आणि पुढची दहा-बारा वर्षं आमच्या शहरात 'कॉम्प्युटर' म्हणजे एक्सपीच होतं. आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम असं एकेक निवडायचं, दुकानदाराच्या पोरानं स्टुलावर बसून ते जोडायचं, आणि विंडोज टाकायला घरी आणायचं किंवा तिथेच टाकून घ्यायचं. आधी निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. एंटर. मग परवान्याची पानंच्या पानं, ती मान्य असतील तर एफ-८ दाबा. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एखादा तुकडा, उडवायचं तर डी, खात्री असेल तर एल, नवं करायचं तर सी. पिवळी पट्टी सरकत सरकत भरायची, मशीन आपणहून बंद होऊन चालू व्हायचं, आणि मग तो निरोप यायचा: सीडीवरून बूट करायचं तर कोणतीही की दाबा. आता दाबायची नाही. पहिल्या वेळी दाबायची, दुसऱ्या वेळी नाही. प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी दाबायचंच, आणि सगळं पुन्हा निळ्या पडद्यापासून सुरू. स्क्रीनवर 'दाबा' लिहिलंय आणि मॅडम 'दाबू नका' म्हणतात, बिचाऱ्यांनी ऐकायचं कुणाचं?

त्यानंतर रंगीत पडदा आणि डाव्या कोपऱ्यात आश्वासन: अंदाजे ३९ मिनिटं. हा आकडा सगळ्यांच्या मशीनवर सारखाच यायचा, मग ते नवं पेंटियम ४ असो की आमच्या लॅबमधलं १२८ एमबी रॅमचं रडतखडत चालणारं सेलेरॉन. ३४ मिनिटांच्या आसपास तो बराच वेळ अडकून बसायचा, आणि नंतर एकदम धाव घ्यायचा.

आणि नेमक्या त्याच वर्षांत मध्य प्रदेशात वीज नव्हती. १ नोव्हेंबर २०००ला छत्तीसगड वेगळं झालं, कोरब्याची औष्णिक केंद्रं तिकडे गेली, आणि इकडे कटौती सुरू झाली. २००३ची विधानसभेची निवडणूक 'बिजली, सडक, पानी' एवढ्या तीन शब्दांवर लढली गेली आणि सरकार पडलं, इतकं ते प्रकरण मोठं होतं. कटौतीच्या वेळा ठरलेल्या असायच्या. पण मोहल्ल्यामोहल्ल्याच्या वेगळ्या, आणि पाळल्या जातीलच असं नाही. त्यामुळे कुणाच्या घरी एक्सपी टाकायला जायचं तर आधी विचारायचं, तुमच्याकडे लाइट कधी जाते? यूपीएस असला तरी मोठा काचेचा मॉनिटर त्याला फार वेळ पेलवायचा नाही. मग एक युक्ती सगळ्यांनीच शिकून घेतली होती: लाइट गेली की आधी मॉनिटर बंद करायचा, कॅबिनेट तेवढं यूपीएसवर ठेवायचं, आणि अंधारात हार्ड डिस्कची कुरकुर ऐकत बसायचं. कुरकुर चालू आहे म्हणजे काम चालू आहे. यूपीएसनं टीं टीं टीं असा जीव टाकला तर नशीब. पण एक्सपीचं हे एक बरं होतं. रंगीत पडद्यापर्यंत पोचलेलं काम मध्येच तुटलं तरी लाइट आल्यावर ते पुष्कळदा स्वतःच पुन्हा उभं राहून पुढे चालू लागायचं. हे लिहिणाऱ्या अमेरिकेतल्या इंजिनियराच्या डोक्यात इंदूरची कटौती असणं शक्य नाही, पण कामाला आली खरी.

घड्याळाचा प्रश्न मला नेहमी गमतीचा वाटतो. आमच्या हाती पडायच्या त्या सीड्यांवर यादी उघडली की आधीपासून निवडलेला असायचा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा वेळ. तो बदलायचा राहून गेला की घड्याळ कुठच्या कुठे, आणि मग मेलच्या तारखा चुकीच्या. आपल्यासाठी जी ओळ असते तिच्यात चार शहरं लिहिलेली: चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली. लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीत, तर जगाच्या नकाशावर भारतात कुठेही बोट ठेवा, खाली नाव येतं कोलकाता. आता इंदूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर उज्जैन आहे. भारतीय ज्योतिर्गणितात शून्य रेखांश मोजायचा तो उज्जैनपासून, सूर्यसिद्धांतात तसं आहे. सवाई जयसिंगानं अठराव्या शतकात तिथे वेधशाळा बांधली आणि ती अजून उभी आहे. आजची भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, जो मिर्झापूरजवळून जातो. त्या हिशेबानं इंदूरच्या डोक्यावर सूर्य यायला घड्याळाच्या बारानंतर सव्वीस-सत्तावीस मिनिटं जावी लागतात. वर्षातल्या महिन्याप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, ते सोडा. एका क्लिकची बाब, पण त्या यादीत खाली-वर करताना मला दर वेळी उज्जैन आठवतं. पोरांना सांगायला गेले की ती घड्याळाकडेच बघायची, तास कधी संपतोय म्हणून.

भाषेचा प्रश्न मात्र गमतीचा नव्हता. एक्सपीच्या सेटअपमध्ये आणि नंतर कंट्रोल पॅनलमध्ये एक चौकट असायची. तिच्यावर टिक केली तरच देवनागरी नीट दिसणार आणि टाइप करता येणार. अरबी, हिब्रू, थाई आणि सगळ्या भारतीय भाषा अशा एकत्र एका टिकमध्ये बांधलेल्या. टिक केली की सूचना यायची: यासाठी १० एमबी किंवा जास्त जागा लागेल. ४० जीबीच्या डिस्कवर १० एमबीचा तो इशारा वाचून मला हसू यायचं आणि चीडही यायची. त्यात सीडी पुन्हा घालावी लागायची, कारण त्या फायली मुळात कॉपी झालेल्याच नसायच्या. जोडून देणारा दुकानदार ही टिक कशाला करतोय? मग घरी मराठी वर्तमानपत्राचं युनिकोडमधलं (सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या एकाच पद्धतीतलं) पान उघडलं की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसायची, जोडाक्षरं सुटी होऊन पायमोडकी दिसायची. लोकांना वाटायचं, इंटरनेटवरचं मराठीच असं. त्या एका चौकटीमुळे किती घरांत मराठी वाचायचं राहून गेलं असेल, कुणास ठाऊक.

तोवर लोकांनी आपापली सोय दुसरीकडे केली होती. मराठीचे फॉन्ट मिळायचे, बहुतेक कुणाच्या तरी सीडीवरून उतरवलेले. त्यात खरं तर अक्षर इंग्रजीच असायचं, फक्त त्याला अंगरखा देवनागरीचा घातलेला. लग्नाच्या पत्रिका, मंडळाच्या जमाखर्चाची पत्रकं, श्रद्धांजलीची पत्रं, सगळं त्यात. आणि मशीन फॉर्मॅट केलं की एक गंमत व्हायची. लोक शहाणे होते, फायली डी ड्राइव्हवर ठेवायचे. पण फॉन्ट असायचे सी ड्राइव्हवर, विंडोजच्या पोटातल्या फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये. सी पुसला की फायली शाबूत, उघडतातही, पण आत नुसती अगम्य इंग्रजी चिन्हं. ओळखीच्या एका काकांनी वडिलांच्या आठवणी लिहून ठेवल्या होत्या. दुकानात मशीन फॉर्मॅट करून आणलं आणि सगळं लिखाण चिन्हांचं रान होऊन बसलं. व्हायरस लागला असं सांगून दुकानानं आणखी पैसे घेतले. फॉन्टचं नाव फाइलमध्येच लिहिलेलं असतं, ते बघून तोच फॉन्ट शोधून घातला तर आठवणी जशाच्या तशा परत. काका इतके हरखले, की मला पोहे-जिलबी खाल्ल्याशिवाय जाऊ देईनात.

युनिकोड सगळीकडे रुळलं तेव्हा हा त्रास संपला. विंडोज व्हिस्टापासून देवनागरी आपोआप असते, टिक नको, सीडी नको. पण टाइप करण्याचा प्रश्न आमच्याकडे जरा वेगळ्या तऱ्हेनं उरलाच. मध्य प्रदेशात सगळं टायपिंग हिंदीचं. सीपीसीटी नावाची सरकारी परीक्षा असते, तिच्यासाठी पोरं मिनिटाला किती शब्द याचा घाम गाळतात, पण ळ कुठे आहे ते त्यांना माहीत नसतं, कारण तो त्यांना लागतच नाही. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्डात ळ शिफ्ट धरून एनवर. कुऱ्हाडीतला ऱ्ह हवा तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. एवढं एका कागदावर लिहून मी मराठी घरांतल्या कीबोर्डांखाली चिकटवत आले आहे. लिनक्सचा सेटअप विचारतो 'कीबोर्ड कोणता', तिथे 'भारतीय' असं एक नाव दिसतं आणि लोक निश्चिंत होतात. त्या एका नावाच्या आत डझनावारी मांडण्या असतात, हे पुढचं पान उघडल्यावर कळतं.

आता तो प्रश्न, ज्यानं सगळ्यांना घाम फुटतो: कुठे टाकू?

आपल्याकडे डिस्कचे तुकडे करायची पद्धत जुनी. सी विंडोजचा, डी पप्पांचा, ई मुलांचा, एफ सिनेमांचा. जोडून देणारे दुकानदार न विचारताच चार तुकडे करून द्यायचे. चारचा आकडा डिस्कच्या पोटातही होता. जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत सगळा कारभार असायचा: ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या कोडसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी, उरलेले दोन सहीसारखे. चौसष्ट बाइटांत सोळा-सोळाच्या चार नोंदी बसतात, म्हणून मुख्य पार्टिशनं चारच. जास्त हवी असतील तर एकाच्या पोटात इतर घालायची. एवढ्या मोठ्या डिस्कवर काय कुठे आहे त्याचा नकाशा ६४ बाइटांत! हे मी फळ्यावर काढून दाखवायचे तेव्हा मात्र एंटर दाबणारी पोरंही वर बघायची.

त्यातूनच पुढची गोष्ट कळते. सेटअपमध्ये डी आणि एल दाबून पार्टिशन उडवलं, तर उडते ती तक्त्यातली नोंद. क्विक फॉर्मॅट केलं तरी फक्त फायलींची सूची नव्यानं लिहिली जाते. आतला मजकूर त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच असतो. ओळखीच्या एका घरी भाच्यानं चुकून डी उडवला होता, मशीन तसंच बंद करून आणलं, आणि पार्टिशन शोधून देणाऱ्या एका फुकट प्रोग्रामनं ते सगळं परत मिळालं. पण याची दुसरी बाजू अशी, की जुनी हार्ड डिस्क 'फॉर्मॅट मारून' जेल रोडला विकली म्हणजे आपलं सगळं पुसलं असं समजू नये. एसएसडीचं, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या नव्या डिस्कचं, वेगळं आहे. तिथे ट्रिम नावाची आज्ञा जाते, रिकामे झालेले कप्पे डिस्क स्वतःच झाडून टाकते, आणि मग भाच्याच्या चुकीला बहुतेक माफी नाही.

आता हा तक्ता बदलला, जीपीटी नावाचा नवा तक्ता आला, चारची अट गेली, दोन टीबीपलीकडच्या डिस्का चालू लागल्या. पण खरं सांगायचं तर या सगळ्यापेक्षा जास्त नुकसान मी एका साध्या समजुतीपायी झालेलं पाहिलं आहे: डेस्कटॉपवर ठेवलेली वस्तू ही सी ड्राइव्हमध्ये असते, हे माहीत नसणं. माणसाला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तो डोळ्यांसमोर ठेवतो. आणि फॉर्मॅटमध्ये पहिलं तेच जातं. 'कुठे टाकू' असं सेटअप विचारतो. 'इथे आधी काय आहे ते तुम्ही बघितलंत का' हे तो विचारत नाही. ते मी विचारते, आणि अर्धा दिवस त्यातच जातो. "मावशी, हे 'न्यू फोल्डर २' काय आहे?" "असू दे गं, काहीतरी असेल." उघडलं तर लेकीच्या डोहाळजेवणाचे फोटो.

मग नाव. एक्सपी नाव विचारायचं आणि संस्था विचारायचं, दोन रकाने. जोडून देणारी पोरं तिथे काय वाटेल ते ठोकायची, बहुतेक 'एबीसी'. इंदुरातली कितीतरी मशीनं कागदोपत्री कुणा एबीसीच्या मालकीची होती. शेवटी मात्र एक छान पान यायचं, हे मशीन कोण कोण वापरणार आहे? एकाखाली एक पाच रकाने. घरच्या मंडळींसमोर मी ते पान आलं की थांबायचे. पप्पा, मम्मी, सोनू, आजी. आजींना मशीन चालू कसं करतात तेही ठाऊक नसायचं, पण आपलं नाव घातलंय म्हटल्यावर त्या उठून बघायला यायच्या. चित्रं निवडायची असायची, कुणी बदक, कुणी फुटबॉल. घरात एकच मशीन असायचं आणि ते घराचं असायचं, हे त्या पानाला ठाऊक होतं.

विंडोज ११ आलं ५ ऑक्टोबर २०२१ला. नवं मशीन उघडलं की ते आधी वाय-फाय मागतं, मग ईमेलचं खातं मागतं. घरच्या आवृत्तीत हे पहिल्यापासून, पुढे प्रो आवृत्तीतही आलं. त्यातून सुटायच्या वाटा जाणकार शोधतात, कंपनी त्या बुजवते, असं चाललेलं आहे. खातं दिलं की तुमचा फोल्डर तयार होतो ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचा. कुलकर्ण्यांच्या घरी तो होतो 'कुलका', देशपांड्यांच्या घरी 'देशप'. त्यापुढे एकामागून एक बटणं: तुमचं ठिकाण कळू द्यायचं का, मशीन हरवलं तर शोधू द्यायचं का, बिघाडाची माहिती पाठवायची का, जाहिराती तुमच्या आवडीच्या दाखवायच्या का. सगळी आधीच 'हो'कडे सरकवलेली. इथे नेक्स्ट, नेक्स्ट करणाऱ्या बहाद्दरानं काय काय देऊन टाकलं याची यादी केली तर उरलेले अर्धे मार्कही कापावे लागतील.

खातं असण्यात वाईटच आहे असं माझं म्हणणं नाही. मशीन चोरीला गेलं तर उपयोग होतो, फायली दुसरीकडे जपून राहतात. पण आमच्याकडे खातं बनवतो पुण्याचा किंवा न्यू जर्सीचा मुलगा, स्वतःच्या फोनवरून, फोन नंबर स्वतःचा घालून. आईवडील इंदुरात. ओटीपी जातो मुलाकडे, तो झोपलेला. त्यात अलीकडे नव्या मशीनांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि कुलपाची ४८ आकडी चावी त्या खात्यात जमा असते. उद्या मदरबोर्ड बदलला आणि मशीननं चावी मागितली, तर खातं कुठलं आणि पासवर्ड काय हे आठवायला हवं. म्हणून मी आता सेटअप संपला की ती चावी कागदावर छापून घ्यायला लावते आणि विजेच्या बिलांच्या फायलीत ठेवायला सांगते. बिलांची फाइल इंदूरच्या कुठल्याही घरात हरवत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चं आयुष्य संपलं. संपलं म्हणजे मशीन बंद पडत नाही, फक्त नेहमीच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं. वर्षभराची वाढीव मुदत दिली गेली, पण तीही खात्याच्या वाटेनंच. आणि विंडोज ११ला हवा टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा असला तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. जुनी मशीनं धडधाकट असूनही रांगेबाहेर. त्या दिवाळीत मला इतके फोन आले की फराळाला बसू दिलं नाही कुणी.

त्यातल्याच एक काकू. वय ऐंशीच्या पुढे, चौथ्या पिढीचं मशीन, मंडळाचं हळदीकुंकू, वसंत व्याख्यानं, कोजागिरी, सगळ्यांची निमंत्रणं त्याच करतात. मुलगा म्हणाला नवा लॅपटॉप पाठवतो. काकू म्हणाल्या, "अरे, चालून राहिलंय ना व्यवस्थित, मग टाकायचं कशाला?" मी एसएसडी घातली आणि पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट ही लिनक्सची एक आवृत्ती घेऊन गेले. त्याची एक रीत मला फार आवडते. ते आधी नुसतं पेन ड्राइव्हवरून चालतं, डिस्कला हात लावत नाही. घर भाड्यानं घेण्याआधी आत जाऊन नळाला पाणी येतं का ते बघून यावं, तसं. काकूंनी दोन तास बघितलं. पत्त्यांचा डाव कुठे आहे ते विचारलं. मग म्हणाल्या, टाक.

भाषांच्या यादीत मराठी होतं. मी हौसेनं निवडलं. मेनू निम्मे मराठी, निम्मे इंग्रजी दिसायला लागले. काकूंनी चष्मा वर करून एक मेनू वाचला, दुसरा वाचला आणि म्हणाल्या, "हे काय गं सरकारी! इंग्रजीच राहू दे. लिहायला मराठी दे म्हणजे झालं." पंचवीस वर्षं मी चौकटीतल्या ज्या टिकसाठी भांडत आले, तिचं हे असं झालं. इंग्रजी मेनू, मराठी कीबोर्ड, दोन्ही एकदम बसतात हे मात्र चांगलं. इनस्क्रिप्टही लावला आणि इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून टाइप करायची मांडणीही. काकूंना इनस्क्रिप्टच येतो, कागद न बघता.

नावाच्या पानावर थोडी अडचण आली. वरच्या रकान्यात पूर्ण नाव, तिथे देवनागरी चालते. खाली लॉगिनचं नाव, तिथे छोटी इंग्रजी अक्षरंच. ईमेल कुठेच विचारलं नाही. काकूंनी वर स्वतःचं नाव माहेरच्या आडनावासकट घातलं. साठ वर्षांत कुठल्या फॉर्मवर घातलं नव्हतं, म्हणाल्या. खाली मी 'काकू' घातलं. मशीनचं नाव काय ठेवायचं ते विचारल्यावर त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "बजरंग."

बजरंग उत्तम चालतंय. जुन्या फॉन्टमधली निमंत्रणं त्याच फॉन्टसकट उघडतात, फॉन्ट मी पुसण्याआधी काढून घेतले होते. अडलंय ते प्रिंटरपाशी. पंधरा वर्षांचा लेझर प्रिंटर, कंपनीनं लिनक्ससाठी ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) दिला होता खरा, पण तो मुख्यतः ३२-बिटच्या काळचा, आणि बजरंगवर ६४-बिट. पान ओढून घेतो आणि कोरं बाहेर टाकतो. काकू तोवर निमंत्रणांची पीडीएफ करून मला पाठवतात, मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून नेते. रविवारी दुपारी पुन्हा बसणार आहे. त्या ड्रायव्हरला लागणाऱ्या ३२-बिटच्या सुट्या फायली घालून बघायच्या राहिल्यात, आणि त्यानं नाही झालं तर घरच्या एका जुन्या विंडोजच्या लॅपटॉपला प्रिंटर जोडून तो नेटवर्कवर द्यायचा. मुलगा फोनवर म्हणाला, नवा प्रिंटरच घ्या ना. काकूंनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या, "तूच सांग गं ह्याला."